तुम्ही विचारलंत म्हणून: चार फेऱ्यांत संपणाऱ्या अणूचं मोजता काय?

"काय करता तुम्ही?" या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मी सांगते, अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागी आम्ही दुसराच कण बसवतो, कधी पायॉन, कधी काओन (हे दोन्ही प्रोटॉनहून हलके, अल्पायुषी कण), कधी अँटिप्रोटॉन, आणि तो अणू संपायच्या आत त्याचे क्ष-किरण पकडतो. "किती वेळ टिकतो तो अणू?" मी आकडा सांगते. मग समोरचा हसतो. "अहो, मग मोजता तरी काय?"

इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

अँटिप्रोटॉनचं उदाहरण घेऊ. हा प्रोटॉनचा प्रतिद्रव्यातला जोडीदार. त्याचं वस्तुमान प्रोटॉनएवढंच, भार मात्र ऋण, आणि दोघं भिडले की दोघंही नष्ट होतात. १९५५ साली अमेरिकेत बर्कलीच्या बेव्हाट्रॉन या कणवेगकावर तो पहिल्यांदा सापडला आणि त्यासाठी सेग्रे आणि चेंबरलेन यांना १९५९ चं नोबेल मिळालं. ऋण भाराचा असल्यामुळे तो मंदावला की प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनसारखाच फिरू शकतो. फरक वजनाचा. इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असल्यामुळे त्याची तळाची कक्षा फारच आत पडते, सुमारे ५८ फेम्टोमीटरवर (मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले की त्यातला एक म्हणजे फेम्टोमीटर). साध्या हायड्रोजनमध्ये हेच अंतर सुमारे ५३,००० फेम्टोमीटर असतं. शिवाय अँटिप्रोटॉन थेट तळाला जाऊन बसत नाही. तो अडकतो तेव्हा साधारण तिसाव्या कक्षेत असतो, म्हणजे हाकललेला इलेक्ट्रॉन जिथे होता त्याच्या आसपास. तिथून पायरी पायरीनं खाली येतो, आणि शेवटच्या काही पायऱ्यांवर प्रत्येक उतरणीला एक क्ष-किरण सोडतो.

या क्ष-किरणांची ऊर्जा किती असावी हे आधी काढता येतं. विद्युतबलाचं गणित आपल्याला चोख येतं, त्यात हातचं राखायला जागा नाही. अँटिप्रोटॉनच्या या अणूत दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर येताना सुमारे ९.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवेत (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक, किलो म्हणजे त्याच्या हजार पट). पण प्रत्यक्षात ही रेषा, म्हणजे क्ष-किरणांच्या आलेखात त्या ऊर्जेला दिसणारा उंचवटा, तिथे सापडत नाही. तळाशी प्रोटॉनचा शेजार लाभतो आणि प्रबळ बल, म्हणजे अणुकेंद्रक बांधून ठेवणारं बल, मध्ये पडतं. त्याची धाव एक-दोन फेम्टोमीटरची, पण तळाच्या कक्षेतला कण काही आखलेल्या रेघेवरून फिरत नसतो. थोडा वेळ तो केंद्रकाच्या अगदी अंगावर असतो, आणि तेवढं पुरतं. पातळी जागची हलते. ती किती हलली हा आमचा पहिला आकडा.

दुसरा आकडा रुंदीचा, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तार छेडून लगेच बोटानं दाबली तर नुसतं टक ऐकू येतं, सूर लागत नाही. रेषेचंही तसंच आहे. पातळी जितकी अल्पायुषी, तितकी तिची ऊर्जा पसरट. त्यामुळे हातात घड्याळ नसलं तरी चालतं, रेषेची जाडी मोजायची आणि त्यावरून आयुष्य काढायचं. अँटिप्रोटॉन-प्रोटॉन अणूच्या तळाच्या पातळीची जाडी सुमारे १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि ती ०.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर सरकलेली आहे. ही मोजमापं मुख्यतः सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत, लीअर या अँटिप्रोटॉनांच्या यंत्रावर झाली, ते १९९६ साली बंद झालं. आयुष्य काढायचं तर एका सेकंदाचे एकावर अठरा शून्यं इतके तुकडे करा आणि त्यातल्या एका तुकड्याचा अर्ध्याहून जरा मोठा भाग घ्या. फेऱ्यांच्या जुन्या चित्रात बसवलं तर तळाच्या कक्षेत अँटिप्रोटॉन जेमतेम चार फेऱ्या मारतो. मग दोघंही नाहीसे.

या चार फेऱ्यांपर्यंत त्याला पोचवणं हेच मोठं दुखणं. हायड्रोजन दाट असेल तर हा इवलासा, भाररहित अणू शेजारच्या अणूंच्या आत घुसतो, तिथल्या विद्युतक्षेत्रात त्याच्या पातळ्या एकमेकींत मिसळतात, आणि अँटिप्रोटॉन वरच्याच पायऱ्यांवर गारद होतो. तळाच्या पायरीचा क्ष-किरण निघतच नाही. म्हणजे वायू विरळ हवा. पण विरळ वायूत अँटिप्रोटॉन थांबतच नाहीत, सरळ आरपार जातात. यावर तोडगा म्हणून त्यांना चुंबकीय क्षेत्रात गोल गोल फिरवत, गुंडाळत गुंडाळत मधोमध आणून थांबवलं गेलं. ही युक्ती ज्यांना सुचली त्यांना माझा कायमचा सलाम.

मध्येच दुसरा लाडका प्रश्न उरकते: "प्रतिद्रव्य म्हणजे स्फोट ना? भीती नाही वाटत?" एका अँटिप्रोटॉनच्या नाशातून १८७६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा सुटते. सर्नमध्ये २६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे लाखो कोटी प्रोटॉन इरिडियमवर आपटतात, तेव्हा कुठे एका खेपेला तीनेक कोटी अँटिप्रोटॉन हाती लागतात. ते सगळेच्या सगळे संपले तर निघणारी ऊर्जा एक ग्रॅम वजन एक मीटर उचलायला लागते साधारण तेवढी. मला भीती वाटते ती पंप बंद पडण्याची.

आता ज्या गोष्टीनं मी या विषयाला चिकटले, ती काओनिक हायड्रोजनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागी काओन बसवलेल्या हायड्रोजनची. काओन अँटिप्रोटॉनच्या साधारण निम्म्या वजनाचा. तो नाहीसा होत नाही, प्रोटॉन त्याला गिळतो आणि दुसरेच कण बाहेर पडतात. परिणाम मात्र तोच, रेषा सरकते आणि जाड होते. १९७९ ते १९८३ या काळात तीन गटांनी ही रेषा मोजली, आणि तिघांनाही पातळी खाली गेलेली, बंध घट्ट झालेला दिसला. गोची अशी, की काओनांचा प्रोटॉनांवर मारा करून आधी जमवलेली माहिती नेमकं उलटं सांगत होती. तिच्या हिशेबानं पातळी वर जायला हवी होती. आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता तर कोणी झोप उडवून घेतली नसती. इथे चिन्हच चुकत होतं.

पातळी वर का जायला हवी, हे कळायला मलाही वेळ लागला. काओन आणि प्रोटॉन यांच्यात ओढ आहे, आणि ती इतकी जबर आहे की दोघं मिळून अणूच्या पातळीहून कितीतरी खोल एक जोड तयार करतात. त्याला लॅम्डा १४०५ म्हणतात. तो मोकळ्या काओन-प्रोटॉन जोडीपेक्षा साधारण २७ एमईव्ही खाली बसलेला आहे. तळघरात असा भाडेकरू आधीच ठाण मांडून बसला की वरच्या अणूची पातळी आणखी वर ढकलली जाते. म्हणजे ओढ वाढली आणि बंध सैल पडला. हे ऐकून डोकं गरगरलं तर काळजी करू नका, माझंही गरगरलं होतं.

गुंता सुटायला १९९७ साल उजाडलं. जपानमधल्या केईके प्रयोगशाळेत द्रव हायड्रोजनऐवजी वायू वापरला, आणि प्रत्येक क्ष-किरणासोबत दोन भारित पायॉन बाहेर पडलेले दिसले तरच तो मोजायचा असं ठरवलं. नको असलेल्या क्ष-किरणांचा गाळ खाली बसला. पातळी ३२३ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर सरकलेली निघाली. पुढे इटलीत फ्रास्कातीच्या डाफ्ने यंत्रावर सिद्धार्ता नावाच्या प्रयोगानं २०११ साली २८३ इलेक्ट्रॉनव्होल्ट हा आकडा दिला, चूक ३६ ची, आणि जाडी ५४१. (नाव आद्याक्षरं ओढूनताणून जुळवलेलं आहे. आमच्या क्षेत्रातला हा एक जुना आजार.) जुन्या तिन्ही मोजण्यांत माणसं कच्ची नव्हती. खरे क्ष-किरण मूठभर आणि गाळ घमेलंभर असला की आकड्यांच्या रांगेतला कुठलाही उंचवटा आपलाच वाटू लागतो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. एका प्रयोगशाळेत, नाव राहू दे, रात्रपाळीला मी आणि एक विद्यार्थी बसलो होतो. पडद्यावर ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक टेकाड वर येऊ लागलं. काओनिक हायड्रोजनची रेषा, प्रबळ बल नसतं तर, ६.४८ वर यायला हवी. म्हणजे अगदी तिच्याच गल्लीत. विद्यार्थ्याचा चेहरा खुलला. खोटं कशाला बोलू, माझाही खुलला. पहाटे चारला कॉफीचे कप घेऊन आम्ही ते टेकाड वाढताना बघत होतो, आणि मला हळूहळू एक गोष्ट खुपायला लागली. ते फार सडपातळ होतं. आमचे सिलिकॉनचे डिटेक्टर त्या ऊर्जेला कुठलीही रेषा साधारण दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्ट जाड दाखवतात, आणि हे टेकाड नेमकं तेवढंच जाड होतं. म्हणजे त्याची स्वतःची जाडी जवळपास शून्य. चार-पाच फेऱ्यांत मरणारा अणू इतका नीटनेटका सूर लावूच शकत नाही.

सकाळी टाकीतला हायड्रोजन काढून घेतला आणि रिकाम्या टाकीवर काओनांचा झोत (बीम) चालू केला. टेकाड जागच्या जागी, ६.४० वर. लोखंडाची रेषा तिथेच असते. शोधता शोधता डिटेक्टरच्या चौकटीमागे पोलादाचे चार स्क्रू सापडले. कोणीतरी ॲल्युमिनियमचे संपले म्हणून हाताला लागले ते लावले होते. भटके कण त्यांच्यावर आदळत होते आणि स्क्रू इमानेइतबारे आपले क्ष-किरण सोडत होते. तेव्हापासून यंत्राचं झाकण लावण्याआधी प्रत्येक स्क्रूला चुंबक लावून बघायचा हट्ट मी धरते. तरुण मंडळी यावरून माझी टर उडवतात, उडवू देत.

आणि लोखंड काढलं म्हणून मैदान मोकळं होत नाही. सगळे काओन हायड्रोजनमध्ये थोडेच थांबतात? काही टाकीच्या प्लास्टिकच्या भिंतीत अडकतात आणि तिथल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनभोवती फिरू लागतात. त्यांच्या रेषा ५.५, ६, ७.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट अशा आमच्याच परिसरात येऊन बसतात.

क्ष-किरणांनंतरचं, म्हणजे नाशाच्या वेळचं, थोडं सांगायला हवं. अँटिप्रोटॉन आणि प्रोटॉन भिडले की प्रकाशाचा एक लखलखाट होतो असं पुष्कळांना वाटतं. खरं तर बाहेर पडतात ते मुख्यतः पायॉन, सरासरी पाच, त्यातले तीन भारित. लीअरवरच्या क्रिस्टल बॅरल प्रयोगात या मलब्याची छाननी करताना एफ-शून्य १५०० नावाचा कण समोर आला. तो नुसत्या ग्लुऑनांचा (प्रबळ बल वाहून नेणाऱ्या कणांचा) गोळा असावा का, यावर अजून वाद चालतो.

मला त्या मलब्यातला एक सोपा हिशेब जास्त आवडतो. जड अणूत अँटिप्रोटॉन आतपर्यंत पोचतच नाही, केंद्रकाच्या विरळ कातडीवरच कोणाला तरी भिडतो. तो प्रोटॉनला भिडला तर निघालेल्या पायॉनांच्या भारांची बेरीज शून्य, न्यूट्रॉनला भिडला तर उणे एक. अशा अनेक घटना मोजल्या की कातडीवर कोणाची वस्ती जास्त आहे ते कळतं. पायॉनांतले काही वाटेत केंद्रकातच शोषले जातात, त्याची दुरुस्ती करावी लागते, ती कटकट वेगळी. अनेक जड केंद्रकांत न्यूट्रॉन जरा जास्तच बाहेर डोकावतात असं दिसलंय. सर्नमधल्या प्यूमा प्रयोगाचा बेत तर याहून धाडसी आहे. अँटिप्रोटॉन सापळ्यात भरायचे, सापळा वाहनावर चढवायचा आणि आवारातल्याच दुसऱ्या इमारतीत न्यायचा, जिथे अल्पायुषी केंद्रकं तयार होतात. दोन्ही एकमेकांसमोर आणायची.

पायॉनिक हायड्रोजनवर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागी पायॉन असलेल्या अणूवर, मी फार लिहीत नाही, कारण तिथे काम देखणं झालंय. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये स्फटिकांचे आरसे वापरून ७ इलेक्ट्रॉनव्होल्टची सरकण एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली गेली. रेषेची जाडी एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही आत. हेवा वाटावा असं काम.

आमच्या वाट्याला काओनिक ड्युटेरियम आलंय (ड्युटेरियम म्हणजे केंद्रकात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉनही असलेला जड हायड्रोजन). हायड्रोजनच्या रेषेवरून काओन-प्रोटॉनचं कळतं, काओन-न्यूट्रॉनचं कोडं सोडवायला ड्युटेरियम लागतं. क्ष-किरण हायड्रोजनच्या दहाव्या हिश्श्याइतकेच निघतील असा अंदाज आहे, आणि रेषा आणखी जाड असेल. इतकी जाड, की तिचं टेकाड पडद्यावर डोळ्यांना दिसणारच नाही. आधी लोखंड, कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, प्रत्येकाच्या नावावर त्याचा वाटा टाकायचा, आणि सगळं वजा करून जो किंचितसा फुगवटा उरेल तो आपला म्हणायचा. उरला तर.