तुम्ही विचारलंत म्हणून : बुलेट घरी किती खोलायची?

"काका, मेस्त्रीकडं न टाकता ही गाडी घरातच कशी काय सांभाळता? आणि वर हीच घेऊन गोव्याला जाता?"

बेळगावात आरपीडी कॉलेजजवळच्या चहाच्या गाड्यावर महिन्यातून एकदा तरी हे कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्यानं बहुतेक नुकतीच जुनी बुलेट घेतलेली असते, आणि ती त्याच्या दारात तेल गाळत उभी असते. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून ग्लास खाली ठेवतो. नीट सांगायचं तर चहा गार होतो, म्हणून इथं लिहून काढतोय.

माझी गाडी १९८६ ची, कास्ट आयर्न इंजिनाची ३५०. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली. मराठा लाइट इन्फंट्रीतला माणूस. पैसे मोजून झाल्यावर किल्लीबरोबर एक लांबट वही हातात दिली. कुठल्या तारखेला काय खोललं, काय बदललं, किती किलोमीटरला, सगळं टाकाच्या अक्षरात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दोनच ओळी होत्या. पहिली : "बंद पडल्यास शेवटचा हात कुठे लागला ते प्रथम पाहणे." दुसरी ओळ त्याखाली : "जुना पार्ट टाकू नये."

पहिली ओळ मला लगेच पटली. मी बावीस वर्षं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माल तपासायच्या क्वालिटी खात्यात काढली. कालपर्यंत बरोबर येणारा माल आज अचानक रिजेक्ट व्हायला लागला, तर पहिला प्रश्न एकच असतो : काल रात्रीपासून काय बदललं? टूल बदललं, ऑपरेटर बदलला, की कास्टिंगचा लॉट बदलला? मशीन म्हातारं झालं हे उत्तर सगळ्यात शेवटी. दुसरी ओळ मात्र मी वाचली आणि सोडून दिली. आमच्या घरात आधीच भंगार कमी नव्हतं.

ती ओळ समजायला गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट लागला. जूनचा पहिला आठवडा, पणजीला जायचं होतं. वाटेत त्रास नको म्हणून आदल्या रविवारी मी प्लग, प्लॅटिनम (प्लगात ठिणगी पाडायला उघडझाप करणारे दोन पॉइंट), कंडेन्सर (त्या पॉइंटांत ठिणगी जळू न देणारा) असं सगळं नवं कोरं बसवलं आणि शहाण्यासारखा झोपलो. जांबोटीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. कणकुंबीच्या अलीकडं चढाला फटफट करत बंद पडली. वीस मिनिटं थांबलो, इंजिन गार झालं, एका किकला चालू. दोन-तीन किलोमीटर गेलो, पुन्हा बंद. वर पाऊस, खाली चिखल, मोबाईलला रेंज नाही. मी कार्बोरेटर खोलला, पेट्रोलचा पाइप फुंकला, टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं. म्हणजे ज्याला त्या आठवड्यात हातच लागला नव्हता ते सगळं बघून झालं.

बैलहोंगलकडचा एक लॉरीवाला थांबला. "एनात्री?" म्हणजे काय झालं, म्हणत खाली उतरला. माझं कन्नड बाजारापुरतं, त्याचं मराठी त्याहून थोडं बरं. त्याला म्हटलं, तुम्ही किक मारा, मी बघतो. प्लॅटिनमचं गोल झाकण काढून, डोक्यावरून रेनकोट घेऊन आत बघत बसलो. त्यानं किक मारली आणि दोन पॉइंटांच्या मध्ये निळी, जाडजूड ठिणगी उडाली. तिथं उडायची ती बारीक, दिसेल न दिसेल अशी. एवढी मोठी ठिणगी पॉइंटातच जळत असेल तर प्लगापर्यंत काय पोचणार? कंडेन्सर गेला होता. गरम झाला की मरायचा, गार झाला की जगायचा. चार दिवसांपूर्वी बसवलेला, नवा.

जुना कंडेन्सर टूलबॉक्सच्या तळाला चिंधीत गुंडाळलेला सापडला. सुभेदारांची ओळ मानली म्हणून नव्हे, रविवारी फेकायचा राहून गेला म्हणून. तो बसवला आणि पणजी गाठली. परतीलाही तोच होता. तुम्हाला खोटं वाटेल, आजही तोच आहे.

तेव्हापासून लांब जायच्या आठवड्यात मी गाडीला पाना लावत नाही. काय बदलायचं ते पंधरा दिवस आधी, आणि एका वेळी एकच वस्तू. मग जांबोटीपर्यंत जाऊन यायचं, दोन दिवस ऑफिस-बाजार करायचा, आणि मगच पुढची वस्तू. एकदम चार बदलल्या आणि बिघाड झाला, तर चारांतली कोण हे ओळखायला घाटच लागतो.

आता घरी काय करतो ते. टायमिंगचं, म्हणजे प्लगात ठिणगी नेमकी कधी पडावी त्याचं सांगतो, कारण त्याला लोक उगाच घाबरतात. प्लॅटिनमची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. मग गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. पिस्टन कॉम्प्रेशनला वर येत असताना, टोकाच्या ०.८ मिलिमीटर खाली असतो त्या जागी पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. सुरुवात झाली हे डोळ्यांना दिसत नाही, ते कागदाला कळतं. सिगारेटचा पातळ कागद पॉइंटांत धरायचा, दोन बोटांत हलकासा ताण ठेवायचा आणि चाक फिरवायचं. घट्ट धरलेला कागद ज्या क्षणी सुटून बोटांत येतो, तो क्षण.

आमच्या घरात माळ आहे. पहिल्यांदा मी पानपट्टीवर जाऊन एक सिगारेट मागितली, तेव्हा तो पोरगा माझ्या गळ्याकडं बघत राहिला. मी तिथंच ती उलगडली, तंबाखू गटारीत झटकली आणि कागदाची घडी खिशात घातली. निपाणी एवढ्या जवळ असून तंबाखूची अशी बेअदबी त्यानं पाहिली नसावी. आता मी दिसलो की तोच विचारतो, "काका, टायमिंग काय?"

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडची सैल-घट्ट बघायला, गेजसुद्धा लागत नाही. इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, उजव्या अंगाचं टॅपेट कव्हर काढलेलं. पुशरॉड बोटांनी सहज गरगर फिरला पाहिजे आणि वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. बस्स. टकटक आवाज येतो म्हणून आवळत सुटलात तर आवाज जातो आणि काही दिवसांनी व्हॉल्व्ह जळतो.

तेल, चेन, केबल, ब्रेकच्या शू हे सगळेच करतात, त्यावर काय लिहायचं. चेनला मधोमध इंचभर झोल ठेवा, एवढं ध्यानात असलं तरी पुरे.

पान्यांचं मात्र सांगायलाच हवं, कारण इथं नवी पोरं हमखास चुकतात. या इंजिनाचं मूळ इंग्लंडातलं, मद्रासला गाडी जोडायला लागले ते १९५५ साली, आणि ते आटे बरीच वर्षं तसेच राहिले. म्हणजे बरेच नट मिलिमीटरचे नाहीतच. बारा-तेराचा पाना लावला की बसल्यासारखा वाटतो, थोडा सैल. जोर दिला की घसरतो आणि नटाचे कोपरे गोल. मी स्वतः पहिल्याच महिन्यात दोन नट गोल केले. एक अजून तसाच आहे, पकडीनं खोलतो. इंची पाने वेगळे मिळतात, ते घ्या. भंगारवाल्याकडं जुने मिळाले तर आणखी चांगले, त्यांचं पोलाद मऊ पडत नाही.

पावसाळा संपल्यावर दरवर्षी एक फोन येतो : "काका, गाडीतनं नुसता धूर यायलाय, इंजिन गेलं काय?" आमच्याकडं जून ते सप्टेंबर गाडी ओसरीत उभी असते. या इंजिनात तेलाची टाकी क्रँक फिरतो त्या चेंबरच्याच शेजारी आहे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पंपातून थेंबथेंब झिरपत तेल टाकीतून क्रँकच्या बाजूला जाऊन बसतं. डिपस्टिकला तेल दिसत नाही, म्हणून हा पठ्ठ्या वरून आणखी एक लिटर ओततो. मग किक मारली की इंजिन ते सगळं बाहेर टाकतं. धूर, आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल. इंजिन कुठं जात नाही. चेंबरचा खालचा बोल्ट काढून तेल उतरवा, मोजून परत भरा. वरून ओतलं तो शेवटचा हात.

दुसरी पावसाळी भानगड नवी आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कुणाला दोष देणार? चिकोडी-अथणीच्या बाजूला जिकडं बघाल तिकडं ऊस, त्याच मळीतून ते निघतं. माझ्या भाच्याचा ऊसही त्यातच. पण १९८६ चा रबरी पाइप, कॉकमधला बूच हे काही उसासाठी बनवलेलं नव्हतं. पाइप कडक होऊन चिरतो, टाकीच्या तळाला गंज धरतो. मी पाइप दरवर्षी बदलतो, आणि गाडी उभी करायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरून कार्बोरेटर मात्र रिकामा करून ठेवतो.

आणि घरी काय करत नाही? ज्या कामाला हातोडा लागायला लागला, ते काम तिथं थांबवायचं. क्रँक, बिग एंड, बोअरिंग ही कामं बेळगावात बसून घरी करणं म्हणजे नदीकाठी राहून हौदात पोहणं. इथं फाउंड्र्या आहेत, क्रँकशाफ्ट घासणारे आहेत, उद्यमबागेत गल्ली धरून चाललात तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप सांभाळणारे टर्नर भेटतात. मी सिलिंडर त्यांच्याकडं नेतो, बोअर गेज लावून तीन जागी, दोन दिशांनी माप बघतो आणि मगच पैसे देतो. त्यांना राग येत नाही. उलट, माप घेणारं गिऱ्हाईक आलं की पोरगं आतून मालकाला हाक मारतं.

एकदाच मी हा नियम मोडला. गिअर बॉक्स घरी उघडला. एक वॉशर उरला. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडी चालते, पण दर उताराला मला तो वॉशर आठवतो. वहीत तारीख घालून लिहिलंय : "वॉशर १ उरला. कुठला ते कळले नाही." सुभेदारांच्या अक्षराखाली माझं अक्षर तसंही बरं दिसत नाही.

तर, ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी या, अकराच्या आत. नंतर अंगणात ऊन येतं आणि पॉइंटातली ठिणगी दिसत नाही. गाडीबरोबर शेवटी काय बदललं ते आठवून या, आणि काढलेला जुना पार्ट पिशवीतून आणा. क्लचची केबल मात्र आपापली आणायची. माझ्याकडं एक जादाची आहे, पण ती हँडलपासून खालपर्यंत चालू केबलच्या शेजारीच टेपनं बांधलेली आहे, घाटात तुटली तर जोडायला, आणि ती मी कुणाला देणार नाही.