लोझेरचे रिकामे रस्ते : सायकलवरून सेवेनच्या डोंगरात

फ्रान्समधे सायकलिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आल्प्स येतो नाहीतर पिरेनीज, टूर द फ्रान्स, रस्त्याच्या दुतर्फा ती तोबा गर्दी वगैरे. आम्ही दोघं मात्र ठरवून लोझेरला गेलो. दक्षिण फ्रान्समधला, सेवेन डोंगररांगेतला हा डोंगराळ जिल्हा, फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात कमी वस्तीचा, आख्ख्या जिल्ह्यात मिळून साधारण ७६ हजार माणसं. आणि रस्ते बघाल तर वाडीवाडीपर्यंत डांबरी, अरुंद, वळणावळणाचे, खड्डा शोधून सापडणार नाही असे. इतके चांगले रस्ते आणि त्यावर कुणीच कसं नाही, हा प्रश्न पहिल्या चढापासून डोक्यात होता आणि त्याचं उत्तर तुकड्यातुकड्यात मिळत गेलं.

पॅरिसहून क्लेर्मों-फेराँ आणि तिथून नीमकडे जाणारी गाडी पकडायची, हिला सेवेनोल म्हणतात. ही लाईन १८७० साली पूर्ण झाली, बोगदा संपला की दरी, दरी संपली की बोगदा, खिडकीची जागा अजिबात सोडू नका. विलफोरला उतरलो, पॅनियर, म्हणजे सायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लावले आणि ल ब्लेमारच्या दिशेने निघालो. पहिलीच खिंड कोल दे त्रिब, इथे पाणलोट बदलतो, मागच्या उतारावरचं पाणी भूमध्य समुद्रात जातं आणि पुढच्या उतारावरचं लॉत नदीतून थेट अटलांटिकला. चढ सौम्य आहे, पाय मोकळे व्हायला मस्त.

खरा चढ ल ब्लेमारनंतर. डी २० नावाचा रस्ता मों लोझेर या डोंगराच्या अंगावरून कोल द फिनिएल या खिंडीला जातो, उंची १५४० मीटरच्या आसपास. आधी पाईनचं जंगल, मग झाडं संपतात आणि नुसतं गवत, हीदरची झुडपं आणि ग्रॅनाईटचे मोठाले गोल धोंडे. वारा सुटला की बोलणं ऐकू येत नाही. माळावर ठराविक अंतराने माणसाएवढे उभे दगड रोवलेत, मोंजुआ म्हणतात त्यांना, बर्फात आणि धुक्यात वाट सापडावी म्हणून. तेवढ्याने भागायचं नाही म्हणून या डोंगरावरच्या काही वाड्यांमधे छोटे दगडी घंटामनोरे बांधलेत, बर्फाचं वादळ आलं की गावकरी घंटा वाजवत राहायचे आणि वाट चुकलेला माणूस आवाजाच्या रोखाने घरी यायचा. म्हणजे या माळावरून येणारी जाणारी माणसं बरीच असणार ना, नाहीतर घंटा कुणासाठी?

पलीकडे उतरलं की ल पाँ-द-मोंव्हेर, तार्न नदीवर जुना दगडी पूल असलेलं देखणं गाव. १७०२ मधे इथे एका कॅथलिक धर्माधिकाऱ्याची हत्या झाली आणि कामिसारांचं बंड पेटलं. कामिसार म्हणजे इथले प्रोटेस्टंट शेतकरी आणि लोकर विंचरणारे. चौदाव्या लुईच्या सैन्याला या डोंगरात तोफा नेता याव्यात म्हणून त्या काळात इथे रस्ते बांधले गेले, सेवेनमधले काही कड्याकाठचे रस्ते त्याच जुन्या आखणीवर आहेत. आपण निवांत पेडल मारत जातो तो रस्ता मुळात लोकांना धाकात ठेवायला बांधलेला, हे कळल्यावर मी नकाशाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

फ्लोराकनंतर तार्नची घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, चारशे-पाचशे मीटर उंच. सुंदर आहे यात वाद नाही, पण रस्त्यावर कॅम्परव्हॅन आणि नदीत कयाक, त्यामुळे आम्ही सँत एनिमीला बाटल्या गच्च भरल्या आणि वर कोस मेजाँवर चढलो. हा चढ मला सगळ्यात आवडला. कड्याच्या पोटात कोरलेली वळणं, प्रत्येक वळणावर खालची नदी आणखी बारीक होत जाते, आणि एकदम शेवटच्या वळणानंतर जग सपाट होतं. वर पठार. हजार मीटर उंचीवर गवताचा माळ, लांबवर एखादा मेंढ्यांचा गोठा, बस्स. चुनखडी असल्यामुळे पडेल ते पाणी थेट जमिनीत जिरतं, पठारावर ओढा म्हणून नाही. मेंढ्यांसाठी दगड बसवलेली गोल तळी असतात, लावोन्य नावाची, पण ते पाणी आपल्यासाठी नाही. जिरलेलं पाणी खाली गुहा कोरतं, रस्त्यापासून जवळच आवाँ आर्माँ आहे, १८९७ मधे सापडलेली, आत तब्बल ३० मीटर उंचीचा चुनखडीचा स्तंभ. अवश्य बघा.

पठारावरच्या एका वाडीत जुन्या दारावर एक वाळलेलं काटेरी फूल खिळ्याने ठोकलेलं दिसलं, ताटाएवढं, मधे पिवळसर गाभा आणि भोवती करवतीसारखी पानं. मी फोटो काढत होते तर आतून आजीबाई बाहेर आल्या. कॉलेजात शिकलेलं फ्रेंच उपयोगी पडलं. त्या म्हणाल्या याला कार्दाबेल म्हणतात, हवेत दमटपणा आला की हे मिटतं, म्हणजे पाऊस येणार, कोरडं असलं की उघडं राहतं. दार म्हणजे हवामान खातंच. मी विचारलं वाडीत घरं किती, तर त्यांनी हाताने एकेक घर दाखवत सांगितलं, हे मोंपेलिएवाल्यांचं, ऑगस्टमधे येतात, हे पॅरिसवाल्यांचं, ते विकायचंय, ते पडलं. मला एकदम आमचं कोकणातलं गाव आठवलं, गणपतीला उघडणारी घरं आणि एरवी कडीला कुलूप.

मग हिशोब लागायला लागला. १८५१ च्या सुमाराला लोझेरमधे १ लाख ४० हजारांवर माणसं होती, म्हणजे आताच्या जवळजवळ दुप्पट. गावोगावी चौकात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक असतं, चाळीस उंबऱ्यांच्या गावातसुद्धा नावांची भलीमोठी यादी, एकेका आडनावाची तीन-तीन चार-चार नावं. मी प्रत्येक गावात थांबून ती वाचायचे. नवरा आधी पुढे जाऊन थांबायचा, नंतर तोही वाचायला लागला.

मेरुएसला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कोल द पेरज्युरे, १०२८ मीटर. सायकलवाल्यांना हे नाव माहीत असतं. १९६० च्या टूर द फ्रान्समधे रोजे रिव्हिएर हा फ्रेंच सायकलपटू या खिंडीपलीकडच्या उतारावर कठड्यावरून दरीत पडला, पाठीचा कणा मोडला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याची रेसिंग संपली. तिथे स्मृतिशिला आहे, आम्ही थोडं खाली जाऊन बघून आलो. तिथून पुढे मों एगुआल या डोंगरापर्यंत बीच नावाच्या झाडांचं दाट जंगल. हे जंगलही लावलेलं आहे बरं का, अति चराईने आणि लाकूडतोडीने हा डोंगर बोडका झाला होता, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज फाब्र नावाच्या वनाधिकाऱ्याने तो पुन्हा हिरवा करायला घेतला. माथ्यावर किल्ल्यासारखी दगडी वेधशाळा, १८९४ पासूनची. आम्हाला तिथून समुद्राची पांढरी रेघ दिसली.

एगुआलवरून वालरोगपर्यंत बाराशे मीटरचा उतार, हात दुखेपर्यंत ब्रेक. थंडगार बीच मागे पडतात, चेस्टनट लागतात, मग दगडी बांध घातलेली शेतं आणि त्यात इथले गोड कांदे. आणि तुतीची झाडं! इथे घराघरात रेशमाचे किडे पाळायचे, त्यावर आख्ख्या दऱ्या जगत होत्या. १८५० नंतर किड्यांवर रोग पडला, तो अभ्यासायला १८६५ मधे लुई पाश्चर जवळच आलेसला आले, त्यांनी उपायही शोधला, पण तोवर बाहेरचं स्वस्त रेशीम आलं होतं. माणसं खाली शहरांकडे गेली ती गेलीच. रस्ते राहिले, आणि सरकार ते आजही निगुतीने सांभाळतं, वरच्या एका आजीबाईंसाठी सुद्धा डांबर पडतं. याचं मला फार कौतुक वाटलं.

कुणाला जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबरमधे जा. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा तिथे कायदा आहे आणि गाडीवाले तो खरंच पाळतात, वळणावर मागे शांतपणे थांबतात. दुकानं दुपारी बंद, सोमवारी बेकरी बहुतेक बंद, तेव्हा ब्रेड आणि पेलार्दों, म्हणजे इथलं बकरीच्या दुधाचं चीज, सकाळीच घेऊन ठेवा. पाणी कुठेच नाही मिळालं तर गावाची दफनभूमी गाठा, फुलांना घालायला तिथे नळ असतो, फक्त पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना ते बघून घ्या. आणि गिअर हलके लावून न्या, पॅनियरसकट फिनिएल चढायचाय.