काचेखालची स्प्रिंग आणि ओले बोट

पावसाळ्यात मालवणच्या आमच्या स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी कोणी हात न लावताही अधूनमधून वाजते, मध्येच बंद पडते, आणि कधी बटणाच्या खुणेवर बोट ठेवून उभे राहिले तरी दाद देत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा अगदी गंभीरपणे विचारले होते, "शेगडीक बाधा झाली की काय रे?" अशा स्पर्शी कळफलकाला बोट कळते कसे, हे एकदा नीट पाहिले की या साऱ्या लहरीपणाचा उलगडा होतो.

प्रथम एक गोष्ट वेगळी काढलेली बरी. मायक्रोवेव्हवर जी मऊ, किंचित दबणारी प्लॅस्टिकची बटणे असतात, ती खरीखुरी बटणेच होत. त्यांत वाहक शाईचे दोन थर मधल्या भोकाच्या पत्र्याने वेगळे ठेवलेले असतात आणि बोटाच्या दाबाने ते एकमेकांना टेकतात. १९८० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या सिंक्लेअर झेडएक्स८० या स्वस्त घरगुती संगणकाचा सपाट कळफलकही याच जातीचा होता. शेगडीच्या काचेचे तसे नाही. ती दबत नाही आणि तिला दाबाशी कर्तव्यही नाही.

शेगडी उघडली, तर काचेवर जिथे अधिक-उण्याच्या खुणा छापलेल्या असतात त्याच्या बरोबर खाली, सर्किटच्या पाटीवर, बॉलपेनात असते तशी पण अधिक जाड अशी एकेक स्प्रिंग डाख देऊन उभी केलेली दिसते. ती दाबली जावी म्हणून तिथे नसते. काच आणि पाटी यांच्यामध्ये हवेची फट राहू नये म्हणून असते. हवेतून विद्युतक्षेत्राचा प्रभाव काचेच्या मानाने फारच कमी पोहोचतो, त्यामुळे स्प्रिंगचे वरचे वेटोळे काचेच्या पोटाला चिकटून राहिले पाहिजे. हे वेटोळे म्हणजे धारित्राची, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरची, एक पाटी. दुसरी पाटी आपण स्वतः पुरवतो. माणसाच्या शरीरात क्षारयुक्त पाणी भरपूर असल्याने ते वाहक असते, आणि पायांतून, जमिनीतून, आसपासच्या भिंतींतून त्याचा भूमीशी विद्युतसंबंध राहतोच. बोट काचेवर टेकताच स्प्रिंग, मधली काच आणि बोट मिळून एक छोटा धारित्र तयार होतो.

तो किती छोटा? बोटामुळे वाढणारी धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, साधारण एका पिकोफॅरडच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी असते, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरड या धारितेच्या एककाचा लाख कोटीवा भाग. त्या स्प्रिंगची आणि तिच्या तारेची मुळातली धारिताच दहाएक पिकोफॅरड असते. एवढा फरक पकडण्याची युक्ती मात्र साधी आहे. एकाच धारेखाली लहान कळशीपेक्षा मोठी कळशी भरायला जास्त वेळ लागतो, तसेच हे. समजा १० लाख ओहमच्या रोधातून १० पिकोफॅरडची स्प्रिंग विद्युतभारित केली, तर त्या जोडीचा कालस्थिरांक, म्हणजे भरायला लागणाऱ्या वेळेचे माप, १० मायक्रोसेकंद येतो. बोटाने १ पिकोफॅरडची भर घातली की तो ११ होतो. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजणाऱ्या चिपला पहिल्या वेळी १६० ठोके मिळतील, दुसऱ्या वेळी १७६. प्रत्यक्षात ही मोजणी एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि तिची सरासरी घेतली जाते, कारण घरातल्या तारांमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाटही त्यात मिसळलेला असतो.

इथवर नुसती मोजणी झाली. १७६ म्हणजे बोट, हे ठरवायचे काम चिपमधल्या प्रोग्रामचे, आणि माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे. वीज सुरू होताच प्रोग्राम प्रत्येक कळीचा आकडा घेतो आणि 'हात नाही तेव्हाची पातळी' म्हणून मनात ठेवतो. काच तापते, ऋतू पालटतो, तसतशी ही पातळी तो हळूहळू सरकवत नेतो. मात्र आकडा झटकन वाढला आणि सलग काही मोजण्यांत वाढलेलाच राहिला, तरच बोट आले असे मानतो. म्हणून काचेवर ओले फडके पडलेले असताना शेगडी चालू केली, तर ते फडकेच त्याला कोरी काच वाटते, आणि फडके उचलल्यावर कळी बोटाला नीट प्रतिसाद देत नाही. तेव्हा चिडून खुणेवर बोटे आपटण्यापेक्षा काच कोरडी पुसावी, प्लग काढून थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा लावावा.

आता पाणी. विद्युतक्षेत्राचा प्रभाव पुढे पोहोचवण्याच्या क्षमतेचे माप म्हणजे परावैद्युतांक. हवेचा तो १ धरला, तर काचेचा साधारण ५ ते १० आणि पाण्याचा ८० च्या जवळपास येतो. मासळी धुतलेल्या हाताचे पाणी खारट असल्याने चांगले वाहकही असते. असे पाणी दोन कळींवर किंवा कळीपासून शेगडीच्या धातूच्या कडेपर्यंत पसरले, की एकाच वेळी चार बोटे टेकल्याचा आभास निर्माण होतो. बऱ्या प्रतीच्या सर्किटमध्ये स्प्रिंगभोवतीच्या तांब्याच्या पट्टीला त्याच क्षणी स्प्रिंगइतकाच विद्युतदाब (व्होल्टेज) दिलेला असतो. दोहोंत विद्युतदाबाचा फरकच नसल्याने मधल्या थेंबातून भार सरकत नाही. शिवाय अनेक कळी एकदम 'दाबल्या' गेल्या, तर ते माणसाचे काम नव्हे असे समजून प्रोग्राम शेगडी बंद करतो. आमची मध्येच बंद पडते ती बहुधा यामुळेच, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

हात न लावता वाजण्याचे कारण अधिक चिवट आहे. दमट हवा स्वतः धारितेत फारसा फरक करत नाही. पण किनाऱ्यावरच्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ सर्किटच्या पाटीवर बसते, आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही मर्यादा जवळजवळ रोजच ओलांडली जाते. मग दोन तारांमधल्या त्या अदृश्य खाऱ्या थरातून थोडा थोडा भार गळतो आणि मोजणीचे आकडे भरकटतात. पाटीवर लॅकरचा संरक्षक थर दिला की हे पुष्कळसे टळते, पण स्वस्त शेगड्यांत तेवढा खर्च सहसा केलेला नसतो. हलणारा भाग नाही आणि पृष्ठभागाला भोक नाही, म्हणून स्पर्शी कळफलक बनवायला सोपा आणि पुसायला सोयीचा, हे मान्य. तरीही नारळ खवून, मासे धुऊन ओल्या हातांनी वावरणाऱ्या इथल्या स्वयंपाकघरासाठी नवी शेगडी घ्यायची झाली, तर मी फिरवायचा खटका असलेलीच घेईन.