फ्रिक्शन फॅक्टर: कुठलं सूत्र धरायचं? माझा अनुभव

मोहोळकडं मामाच्या डाळिंबाला विहिरीवर नवीन पंप घ्यायचा होता, लाईन मात्र जुनीच ठेवायची, 600 मीटर, चार इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप). हेड, म्हणजे पंपानं पाणी किती मीटर ढकलायचं, ते काढायचं काम माझ्याकडं आलं. वेग सेकंदाला 1.6 मीटर धरला, आपल्याकडच्या उन्हात पाणी 30 अंशाचं धरलं, रेनॉल्ड्स नंबर (पाण्याचा प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा) आला 2 लाख.

आता फ्रिक्शन फॅक्टरला, म्हणजे पाईपच्या घर्षणात किती हेड जातं ते काढायच्या आकड्याला, सूत्रं ढिगानं आहेत, म्हणून म्हटलं सगळी लावूनच बघू. कोलब्रुकचं 1939 चं सूत्र मूळ, पण त्यात एफ, म्हणजे हाच फॅक्टर, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्हीकडं येतो म्हणून पोरं घाबरतात, खरं तर घाबरण्यासारखं काही नाही, एक्सेलमध्ये पहिल्या कॉलमात 0.02 टाकलं, पुढच्यात 0.02287 आलं, मग 0.02280, आणि तिथून पुढं आकडा हललाच नाही. हालँडचं 1983 चं सूत्र 0.0227 देतं. स्वामी-जैन, 1976 चं, 0.0230. हे दोघं आपल्या रुरकीचे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि सूत्र एका सेलमध्ये बसतं.

आता त्याच क्रमानं लॉस, म्हणजे घर्षणात जाणारं हेड, मीटरमध्ये बघा: 17.85, 17.79, 17.99. म्हणजे सगळा फरक 20 सेंटीमीटरचा!! (केमिकलवाल्या मित्राचं उत्तर 0.0057 आलं, त्याच्या पुस्तकात फॅनिंगचा फॅक्टर असतो, तो चारनं गुणून घ्यायचा.)

पण हे सगळं पाईपचा खडबडीतपणा 0.15 मिमी धरून, आणि तो आकडा नव्या जीआयचा. मामाला विचारलं तर म्हणाला, "पाईप टाकून लई वर्षं झाली की रं." मग जॉइंटजवळचा एक तुकडा कापून घेतला, आत बोट फिरवलं तर गंजाचे फोड हाताला लागत होते, नखानं खरवडलं की तपकिरी पापुद्रे निघायचे. 0.5 मिमी धरून परत चालवलं, फॅक्टर 0.0308, लॉस 24 मीटर. सहा मीटर वाढले ना एकदम, आणि मी तोवर तिसऱ्या-चौथ्या दशांशाची तुलना करत बसलेलो.

शेवटी स्वामी-जैनच ठेवलं, मामाला पंप 24 मीटर घर्षण धरून सांगितला, त्यात विहिरीची उंची आणि बेंड-व्हॉल्व्हचं वेगळं मिळवलं. तुमच्याकडं जुनी लाईन असेल तर आधी तुकडा कापून आतून बघा, सूत्राचं नंतर बघू.