चढावर बंद पडलेली गाडी आणि नवा फ्युएल पंप

परतीच्या प्रवासात भर दुपारी लांब चढ लागला आणि सपाटीवर नीट धावणारी आमची गाडी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही ओढेना. पुढे ती बंद पडली, थोडी निवल्यावर सुरू झाली आणि पुन्हा तशीच थांबली. जोर लागतो तेव्हाच पेट्रोल कमी पडणे आणि गार झाल्यावर गाडी सुधारणे, ही टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या, दमलेल्या फ्युएल पंपाची लक्षणे खरी. पण फ्यूज, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा वायरिंगचा दोषही अगदी तसाच दिसू शकतो.

स्टार्टर न मारता किल्ली ‘ऑन’वर नेली की बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीकडून साधारण २ सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. आमच्या गाडीत तो कधी यायचा, कधी नाही. फ्यूज शाबूत होता आणि हॉर्नचा तसाच रिले लावूनही फरक पडला नाही. टाकीच्या तळाला थोपटल्यावर मात्र पंप फिरला. पंपाच्या मोटरला आतून वीज पोचवणारे ब्रश झिजले की असे होते. ही युक्ती मुक्काम गाठण्यापुरतीच.

मुक्कामी मल्टिमीटर मिळाला. व्होल्टेज मोजताना पंप जोडलेलाच ठेवावा, कारण कनेक्टर सोडून मोजल्यास गंजलेल्या जोडातूनही १२ व्होल्ट दिसतात आणि पंपाने करंट ओढताच ते कोसळतात. बॅटरीच्या तुलनेत घट अर्ध्या व्होल्टच्या आत होती, म्हणजे वीज पोचत होती आणि दोष पंपाचाच होता. (पंपाचा वेग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ठरवते अशा गाड्यांना हा निकष लागू नाही.)

टाकीत पेट्रोल कमी असताना, उघड्या हवेत आणि अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवूनच काम करावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. मागच्या सीटखालच्या झाकणाभोवतीची माती आधी पुसावी, नाहीतर ती थेट टाकीत पडते. पंप टाकीवर घट्ट धरणारे गोल कडे फिरवायला लाकडी ठोकळा बरा, कारण पोलादी छिन्नीने ठिणगी उडू शकते. पंप तिरका करून, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगणीची दांडी न वाकवता बाहेर काढला, तेव्हा पंपात पेट्रोल गाळून घेणाऱ्या जाळीवर तपकिरी गाळ साचलेला दिसला. जाळी आणि रबरी रिंग दोन्ही नव्याच घातल्या.

पेट्रोलात बुडूनच हा पंप गार राहतो, म्हणून चढाच्या टप्प्याआधी टाकी भरून घ्यावी. सीट बसवण्यापूर्वी किल्ली दोन-तीनदा ‘ऑन’ करून दाब भरू द्यावा आणि जोडांवर कोरडे फडके फिरवून गळती नाही याची खात्री करावी.