प्रिंटलाइन नसलेलं पुस्तक

नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात आणि कागदाचा तावन् ताव मोजून घेतात. शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवून छापायच्या काळात पिवळं, म्हणजे अश्लील, पुस्तक छापणाऱ्याची काळजी बरोबर उलटी असे: हिशेब कुठेच सापडता कामा नये.

गणित साधं. डबल क्राउन तावात (२० बाय ३० इंची) दोन्ही बाजू मिळून ३२ पृष्ठं बसतात. ६४ पृष्ठांच्या हजार प्रतींना चार रीम (रीम म्हणजे पाचशे ताव) न्यूजप्रिंट लागतो, वर नासधुशीला शंभरेक ताव. तावाचे चार तुकडे करून ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छोट्या छपाईयंत्रावर, एका वेळी चार पृष्ठं घेतली तर सोळा हजार ठोके पडतात. ताशी हजार धरले तरी सोळा तास, शिवाय फर्मे (एका वेळी छापायच्या पृष्ठांचे जुळवलेले साचे) बदलण्याचा वेळ वेगळा. हे रात्री उरकावं असं कुणालाही वाटेल. पण वाड्यात मध्यरात्री ट्रेडल खडखडला तर अख्खी आळी उठते. म्हणून काम भरदिवसा, लग्नपत्रिकांच्या अधेमधे. लग्नसराईसारखा आडोसा नाही!

फर्मा छापून उतरला की खिळे लगेच सोडायचे. जुळलेला मजकूर गॅलीत, म्हणजे खिळे ठेवायच्या तबकात, राहणं म्हणजे धाडीला आमंत्रण. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव-गाव, म्हणजे प्रिंटलाइन, सक्तीचं होतं. इथे ते गाळायचं किंवा भलत्याच शहराचं टाकायचं. तरी खिळे चुगली करतात. टिचलेल्या शेपटीचा एखादा 'ळ' पत्रिकेतल्या 'विवाहस्थळ'मध्ये दिसतो आणि पुस्तकातल्या 'जवळ'मध्येही. जाणत्या कंपोझिटरला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, तेवढं पुरे.

विक्री रोखीची, न खपलेला माल परत नाही. स्टॉलवाला तिन्ही कडांना पिना मारतो, म्हणजे फुकट चाळता येत नाही. वाचून परत आणलं तर निम्मे पैसे देतो आणि पुन्हा पिना मारून तेच विकतो. खरी कमाई त्याचीच. प्रकाशकाला एकदाच काय ते मिळतं, आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या, अश्लील पुस्तकांच्या विक्रीवरच्या कलम २९२ खाली पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंतची कैद मात्र डोक्यावर असे.

त्यात दुसऱ्या कुणी तेच पुस्तक नवं कव्हर घालून काढलं, तर तक्रार करायला जाणार कुठे? हा प्रकाशकही मग त्या दुसऱ्याची दोन पुस्तकं उचलून एक करतो. प्रूफ तपासायला कुणी नसतं, त्यामुळे बाविसाव्या पृष्ठावर दार लावणारी मालती तेविसाव्यावर शालिनी होते. गिऱ्हाईक काही बोलत नाही.