तुम्ही विचारलंत म्हणून: रॉकेटमध्ये माणूसच नाही, मग एवढं काय बघायचं?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर एकदाच लिहून टाकते. माणसं जाणार असतील तर रॉकेटचं उड्डाण जागून बघणं समजू शकतं, पण स्पेस स्टेशनवर नुसतं सामान जातंय, खाणं, कपडे, सुटे भाग, त्याच्यासाठी काय एवढं ताटकळत बसायचं, आणि वर कुणीतरी हमखास जोडतं की स्पेसएक्स या रॉकेट कंपनीच्या त्या अब्जाधीश मालकाची फॅन आहेस का गं तू? तर दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. मालक काय बोलतो, मंगळावर कधी जाणार म्हणतो, ते मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देते. आणि पहिल्याचं उत्तर, सामान जातंय म्हणूनच बघते. खाजगी रॉकेटवाल्यांचं जे काही खरं शिक्षण झालं ना, ते बरंचसं या सामानाच्या फेऱ्यांवर झालंय, माणसं मागाहून बसली.

थोडं मागचं सांगते. नासाचं शेवटचं स्पेस शटल, म्हणजे माणसं आणि सामान नेणारं यान, 2011 च्या जुलैत उडालं. स्टेशनवर माणसं तर राहतच होती, रशिया, युरोप, जपानची यानं सामान नेत होती, पण अमेरिकेकडे स्वतःचं काही उरलं नाही. याची तजवीज नासाने डिसेंबर 2008 मध्येच करून ठेवलेली, स्पेसएक्सला 12 फेऱ्यांचे 1.6 अब्ज डॉलर आणि ऑर्बिटल सायन्सेस या दुसऱ्या कंपनीला 8 फेऱ्यांचे 1.9 अब्ज, आणि गंमत म्हणजे तोवर दोघांपैकी एकाचंही यान स्टेशनपर्यंत पोचलेलं नव्हतं. म्हणजे प्रायव्हेट प्रायव्हेट म्हणून आपण टाळ्या वाजवतो त्यात गिऱ्हाईक सरकारच आहे बरं का, फक्त रॉकेट सरकारचं नाही, फेरी ठरल्या भावात विकत घेतलेली. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण "सरकारला जमलं नाही ते यांनी करून दाखवलं" असं कुणी म्हणालं की मी वाद घालते.

मे 2012 मध्ये स्पेसएक्सचं पहिलं ड्रॅगन यान स्टेशनला पोचलं, ते झालं प्रात्यक्षिक. कराराची पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये. उड्डाणानंतर 79 व्या सेकंदाला नऊपैकी एक इंजिन गेलं! बाकीची आठ जरा जास्त वेळ जळली आणि ड्रॅगन व्यवस्थित पोचलं, त्यात फ्रीझरमधून आइस्क्रीमसुद्धा होतं, आणि तेव्हा स्टेशनची कमांडर होती सुनीता विल्यम्स. पण त्याच रॉकेटवर एक छोटा सॅटेलाइट चढवलेला होता, त्याला ठरलेल्या कक्षेत नेता आलं नाही, कारण त्यासाठी वरच्या टप्प्याचं इंजिन परत पेटवायला लागणार होतं आणि स्टेशनच्या सुरक्षेचे नियम आडवे आले. तो बिचारा काही दिवसांत खाली येऊन जळून गेला. बातम्यांत आइस्क्रीम आलं, सॅटेलाइट कोपऱ्यात.

मग ते वाईट आठ महिने. 28 ऑक्टोबर 2014 ला व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून ऑर्बिटलचं अँटारेस रॉकेट उडालं आणि काही सेकंदांत पॅडजवळच कोसळलं. त्याची इंजिनं कुठली माहितीये? सोव्हिएत चांद्र-रॉकेटसाठी कित्येक दशकांपूर्वी बनवून गोडाऊनमध्ये पडलेली, ती आणून, दुरुस्त करून वापरलेली. आदल्या दिवशीचं उड्डाण तर धोक्याच्या हद्दीत एक बोट शिरली म्हणून रद्द केलेलं. एप्रिल 2015 मध्ये रशियाचं प्रोग्रेस हे सामानाचं यान वाया गेलं, आणि 28 जूनला स्पेसएक्सचं फाल्कन रॉकेट 139 सेकंदांनी हवेत फुटलं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या टप्प्याच्या टाकीत हेलियमची बाटली धरून ठेवणारी एक सळई जेवढा भार झेलायची त्याच्या पाचव्या हिश्शालाच तुटली.

आता मला त्या दिवशीचं सगळ्यात लागलेलं सांगते. रॉकेटचे तुकडे झाले पण वरचं ड्रॅगन शाबूत होतं, खाली पडता पडता समुद्रात आपटेपर्यंत डेटा पाठवत होतं, पॅराशूट पण होती त्याच्याकडे. पण अशा वेळी पॅराशूट उघडायची हे सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलंच नव्हतं! पुढच्या फेऱ्यांसाठी ते लिहिलं गेलं. मे 2020 मध्ये बॉब बेन्केन आणि डग हर्ली हे नासाचे अंतराळवीर ड्रॅगनमधून वर गेले तेव्हा सगळं जग बघत होतं, माझ्या डोक्यात मात्र ते पाण्यात गेलेलं सामान होतं.

सामानाची यादी हा वेगळाच आनंद आहे, लाँच नाही बघितलंत तरी यादी बघाच. डिसेंबर 2018 ची एक फेरी एक दिवस पुढे गेली, कशामुळे तर प्रयोगासाठी जाणाऱ्या उंदरांच्या खाऊला बुरशी आली. आख्खं रॉकेट उभं आणि उंदरांसाठी नवीन खाऊची धावपळ. (त्याच फेरीत खाली परतणाऱ्या बूस्टरचे, म्हणजे रॉकेटच्या खालच्या टप्प्याचे, दिशा सांभाळणारे पंख अडकले, तो गरगर फिरत जमिनीऐवजी समुद्रात उतरला, तोही हळुवार.) ऑक्टोबर 2020 मध्ये जे सिग्नस नावाचं सामानाचं यान गेलं त्याचं नाव एसएस कल्पना चावला. त्यात मुळ्याच्या बिया होत्या, आणि एक नवीन टॉयलेट, ज्याचा खर्च 2 कोटी 30 लाख डॉलर म्हणून त्यावर जोक झाले. जोक करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, वजन नसलेल्या जागी हवेने सगळं ओढून घ्यायचं आणि लघवीचं परत पिण्याचं पाणी करायचं, करून बघा. आणि सिग्नस परत येत नाही, स्टेशनचा कचरा भरून घेतं आणि वातावरणात जळून जातं. परत भरपूर सामान आणायचं तर ड्रॅगनच लागतं.

हो, बूस्टर उतरताना बघायला मलाही आवडतं, समुद्रातल्या जहाजावर पहिल्यांदा उतरला तो एप्रिल 2016 मध्ये, तीसुद्धा सामानाचीच फेरी होती. पण जुलै 2021 मध्ये दोन अब्जाधीश नऊ दिवसांच्या अंतराने अवकाशाच्या उंबऱ्याला शिवून आले, आठवतंय? काही मिनिटं तरंगले आणि खाली. त्यात माणसं होती तरी मला काही वाटलं नाही. स्टेशनला गाठायचं तर ताशी 28,000 किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, ते जेमतेम त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास गेले असतील.

आणि जून 2025. शुभांशू शुक्ला अ‍ॅक्सियम या खाजगी कंपनीच्या मिशनवर स्टेशनला जाणार होते, सीट अर्थातच भारत सरकारने विकत घेतलेली, आणि तारीख पुढे पुढेच जात होती. त्यांच्या फाल्कनच्या बूस्टरमध्ये लिक्विड ऑक्सिजनची गळती सापडली ही बातमी आली तेव्हा, एरवी मला वेड्यात काढणारे एकेक जण फोन करून विचारायला लागले, अगं गळती म्हणजे काय, धोका आहे का, हे रॉकेट बरं आहे ना. त्यांना मी सांगत होते, गळती जमिनीवर सापडली ना, मग चांगलंच आहे, दुरुस्त करतील, 2012 मध्ये त्या पहिल्या ड्रॅगनच्या वेळी जमिनीवरच इंजिनं पेटल्यावर एकातलं प्रेशर जास्त आलं म्हणून कॉम्प्युटरने सगळी बंद केली होती, व्हॉल्व्ह बदलला आणि तीन दिवसांनी उडालं. 25 जूनला शुक्ला गेले. दुसऱ्या दिवशी डॉकिंग झालं, म्हणजे यान स्टेशनला जोडलं गेलं.